कंदीलपुष्पांचे गोत आणि त्यांचा प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंदीलपुष्प म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

कंदीलपुष्प हे एका झाडाचे नाव नसून एका संपूर्ण प्रजातीचे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात तिला सेरोपेजिया म्हणतात आणि आपल्याकडे काही भागांत खरपुडी किंवा खर्चुडी ही नावेही चालतात. येथे ‘प्रजाती’ हा शब्द अनेक जातींच्या समूहासाठी वापरला आहे. वर्तमानपत्रांत या दोन शब्दांची सर्रास अदलाबदल होते, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पावसाळ्यात एखाद्या गडाच्या गवताळ उतारावर गुडघाभर उंचीचे, सडपातळ, बारीक पानांचे एक रोप उभे असते आणि पानांच्या बेचक्यातून एक हिरवट-पांढरी नळी वर आलेली दिसते. ही नळी तळाशी फुगीर, मध्ये अरुंद आणि वर पुन्हा रुंद होत जाते. तिच्या तोंडाशी पाच पाकळ्या उभ्या राहून शेंड्यावर एकमेकींना चिकटतात, त्यामुळे पाच खिडक्यांचा छोटासा कंदील तयार होतो. बहुतेक जातींमध्ये हाच साचा दिसतो. मात्र काही जाती उभ्या वाढतात, काही वेलीसारख्या चढतात, आणि भारताबाहेरच्या काही जातींना तर पाने जवळजवळ नसतातच.

‘सेरोपेजिया’ हे नाव कोठून आले?

स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये हे नाव दिले. ‘मेण’ आणि ‘कारंजे’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे, आणि फुलांच्या मेणचट, उसळल्यासारख्या दिसणाऱ्या झुबक्याकडे पाहिले की ते पटते. लिनियस यांनी ही वेल प्रत्यक्ष भारतात येऊन पाहिलेली नव्हती. त्यांच्या वर्णनाला आधार होता तो ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातील चित्राचा. डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे यांनी कोचीत असताना या ग्रंथाचे काम करवून घेतले आणि १६७८ पासून त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्यही या कामात होते, आणि त्यांचे कोंकणीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या प्रजातीचे शास्त्रीय नाव भारतीय किनाऱ्यावर काढलेल्या एका चित्रावर उभे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही आणि मला तिचे फार अप्रूप वाटते.

या वनस्पतीचे जवळचे आणि दूरचे नातेवाईक कोण?

रुई, अनंतमूळ, करवंद, कण्हेर, सदाफुली आणि सातवीण ही सगळी झाडे कंदीलपुष्पाच्याच कुळातली आहेत. या कुळाला ॲपोसायनेसी म्हणतात. जुन्या पुस्तकांत रुई आणि तिच्या सोबत्यांचे कूळ वेगळे दाखवलेले असते. परंतु जनुकीय अभ्यासातून असे दिसले की रुईचा गट हा कण्हेर-करवंदाच्या मोठ्या गटातूनच फुटलेली एक फांदी आहे, आणि म्हणून गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत दोन्ही कुळे एकत्र करण्याची पद्धत रूढ झाली.

या फांदीवर कंदीलपुष्प रुईच्या बाजूला बसते. वाळलेली शेंग उकलली की नाते लगेच ध्यानात येते. रुईची शेंग फुटल्यावर रेशमी केसांचा झुपका घेऊन बी हवेत तरंगते, त्याला आपण लहानपणी ‘म्हातारी’ म्हणत होतो. कंदीलपुष्पाच्या जोडशेंगांतूनही अगदी तशाच, फक्त आकाराने लहान, म्हाताऱ्या उडतात. दुसरी खूण परागांची. रुईच्या उपकुळात पराग पिठासारखे सुटे नसून त्यांचे घट्ट पुंज बनतात, आणि दोन पुंज एका चिमट्यासारख्या भागाने जोडलेले असतात. औषधी म्हणून माहीत असलेली डोडी, म्हणजे जीवंती, तर कंदीलपुष्पाच्याच शाखेतली आहे. ते नाते रुईपेक्षाही जवळचे आहे.

फुलाला असा विचित्र आकार का आला?

माशीसाठी. या फुलांचे परागण अगदी लहान, दोन-तीन मिलिमीटरच्या माश्या करतात. वासाने ओढली गेलेली माशी पाकळ्यांच्या खिडकीतून आत येते आणि नळीच्या गुळगुळीत भिंतीवरून घसरत तळाशी जाते. नळीतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला वर चढता येत नाही. काही जातींत तळाजवळचा भाग अर्धपारदर्शक असतो. उजेडाकडे जाण्याच्या सवयीने माशी तिकडेच धडपडते, आणि नेमके तिथेच परागपुंज व स्त्रीकेसराचे भाग असतात. तिच्या सोंडेला पुंजाचा चिमटा अडकतो. साधारण एका दिवसाने केस सुकतात किंवा फूलच कलते आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात पुन्हा फसली तरच परागण पूर्ण होते.

एकदा गवतावर गळून पडलेले एक फूल मी ब्लेडने उभे चिरून भिंगाखाली पाहिले होते. फुगीर तळाची आतली बाजू जांभळट होती, नळीचे केस आधीच आडवे झाले होते, आणि एका कोपऱ्यात मोहरीहून लहान अशी एक मेलेली माशी होती. तिच्या तोंडाशी पिवळे, चकचकीत असे दोन ठिपके दिसत होते. ते परागपुंज होते. ती माशी दुसऱ्या कंदिलातून येऊन येथे पोचली होती की येथेच तिला ते अडकले होते, हे त्या एका फुलावरून सांगता येण्यासारखे नव्हते.

वासाचा कारभार तर याहून थक्क करणारा आहे. दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीच्या अंगातून जी रसायने बाहेर पडतात त्यांसारखा वास हे फूल सोडते, असे त्यात दाखवले आहे. कोळ्याच्या शिकारीवर डल्ला मारून जगणाऱ्या काही बारीक माश्या असतात. त्या आयते जेवण मिळेल म्हणून येतात आणि फुलात अडकतात.

मग फुलाच्या आकारावरून नाते ओळखता येते ना?

दोन शतकांहून अधिक काळ हेच गृहीत धरले गेले. नळीचे, कंदिलाचे फूल दिसले की सेरोपेजिया, आणि उघडे, चपटे, चांदणीसारखे लहान फूल असेल व खाली कंद असेल तर ब्रॅकिस्टेल्मा, अशी सरळ वाटणी होती. महाराष्ट्रातही ब्रॅकिस्टेल्माच्या जाती आहेत. त्यांपैकी एकीला तर मालवणच्या सड्यांवरून ‘मालवनेन्सी’ असे नाव मिळाले आहे.

ही वाटणी डीएनएने मोडीत काढली. वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर ब्रॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १४६ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही प्रजातींतील तेव्हा ज्ञात असलेल्या सुमारे ३२० जातींपैकी या जवळजवळ निम्म्या होत. पेशीच्या केंद्रकातील आणि हरितलवकांतील जनुकीय भाग ताडून त्यांनी वंशवृक्ष मांडला, तेव्हा कंदीलपुष्पे एका फांदीवर न येता निदान तेरा वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेली निघाली. ब्रॅकिस्टेल्माची घडण एकदा नव्हे, तर कमीत कमी चार वेळा स्वतंत्रपणे झालेली दिसली. कंद असलेल्या, न चढणाऱ्या, बुटक्या कंदीलपुष्पांचे सख्खे नातलग वेलीसारखी कंदीलपुष्पे नसून काही ठिकाणी ब्रॅकिस्टेल्मा निघाले.

म्हणजे फुलाची नळी ही घराण्याची मोहर नाही. ती माशीला दिलेले उत्तर आहे. माशी बदलली, वस्तीची जागा बदलली की नळी आखूड होते किंवा साफ उघडते, आणि हा बदल या गोतात पुन्हा पुन्हा घडला आहे. दोन फुलांचे तोंडवळे जुळले म्हणून ती भावंडे ठरत नाहीत, ही गोष्ट या गोताने जितकी लख्ख दाखवली तितकी फार थोड्या वनस्पतींनी दाखवली असेल. वाढीच्या पद्धतीत मात्र एक कल दिसतो. दोन मोठ्या शाखांमध्ये बारीक वेलींपासून सुरुवात होऊन पुढे कंद असलेल्या, जमिनीलगतच्या लहान रोपांकडे प्रवास झालेला आहे.

शिवनेरीची शिंदळ माकुडी या गोतात कोठे बसते?

अगदी मधोमध. आफ्रिका, अरबस्तान आणि भारतात मांसल, बहुधा बिनपानांच्या खोडांची सुमारे ३५० जातींची एक मोठी फळी आहे. तिला स्टॅपेलिया गट म्हणतात. कुंड्यांमध्ये लावली जाणारी, सडक्या मांसाचा वास येणारी मोठी चांदणीसारखी फुले याच गटातली आहेत, आणि आपल्या माळरानावरचे माकडशिंगही याच गटातले. निवडुंगासारखी ही झाडे आणि नाजूक कंदीलपुष्पे यांचा काही संबंध असेल असे पाहणाऱ्याला वाटणार नाही. तरीही हा संपूर्ण गट कंदीलपुष्पांच्याच एका फांदीचा सख्खा शेजारी आहे, म्हणजेच तो कंदीलपुष्पांच्या वंशवृक्षाच्या आतूनच फुटलेला आहे.

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, ही फक्त महाराष्ट्रात, शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवर आढळते. एकोणिसाव्या शतकात निकोल डाल्झेल यांनी तिचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला नाव दिले. पावसाळ्यात तिला चांगली रुंद, मांसल पाने येतात व उन्हाळ्यात ती गळून नुसती खोडे उरतात. तिच्या गटात अशी पाने क्वचितच दिसतात, म्हणून तिला दीर्घकाळ स्वतंत्र प्रजाती मानले गेले. जनुकीय अभ्यासाने ती भारतातल्याच माकडशिंगासारख्या वनस्पतींच्या फांदीवर जाऊन बसली. पाने आहेत एवढ्यावरून ती ‘मूळ पुरुष’ ठरत नाही. माझ्या मते यामुळे तिचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. कड्यावर तिला प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला तिच्या वेगळेपणासाठी प्रजातीच्या दर्जाची गरज वाटणार नाही.

मग आता सगळ्यांना एकच नाव द्यायचे का?

ब्रॉइन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तेच सुचवले. ब्रॅकिस्टेल्मा व स्टॅपेलिया गट दोन्ही सेरोपेजियात सामावून घेऊन सातशेच्या आसपास जातींची एकच प्रजाती करावी, असा तो प्रस्ताव आहे. तर्क सरळ आहे. एका पूर्वजाची सर्व लेकरे एका नावाखाली यावीत, हा आजच्या वर्गीकरणाचा नियम आहे आणि जुनी नावे तो मोडतात. काही जागतिक सूचींनी हा बदल स्वीकारला आहे, तर क्षेत्रीय अभ्यासक अजूनही बहुधा जुनी नावे वापरतात.

वंशवृक्ष मान्य करूनही मला व्यवहारात जुनी नावे सोडवत नाहीत. रानात हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला माकडशिंग आणि कंदीलपुष्प या दोन्हींसाठी एकच शब्द देऊन काय साधणार, हा प्रश्न मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. या पानावर त्यामुळे ‘कंदीलपुष्प’ हा शब्द जुन्या, मर्यादित अर्थानेच घेतला आहे.

जगात ही वनस्पती कोठे कोठे आढळते?

पश्चिमेला आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरची कॅनरी बेटे आणि पूर्वेला उत्तर ऑस्ट्रेलिया, या दोन टोकांच्या मध्ये तिचा वावर आहे. आफ्रिका खंडाचा सहाराच्या दक्षिणेकडचा मोठा भाग, मादागास्कर, अरबस्तान, भारत, श्रीलंका, चीन, आग्नेय आशिया आणि न्यू गिनी ही मधली मुख्य ठिकाणे. सर्वांत जास्त जाती आफ्रिकेत आहेत आणि भारत हे त्यानंतरचे मोठे केंद्र आहे. अमेरिका खंडात ती निसर्गतः नाही.

बहुतेक ठिकाणी तिला एकच हवामान भावते. पाऊस ठरावीक महिन्यांत आणि उरलेले वर्ष कोरडे, अशा प्रदेशांत ती जास्त दिसते.

गोंडवन खंड फुटला तेव्हा ती आफ्रिकेतून भारतात आली असेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. गोंडवन या प्राचीन महाखंडात भारत, मादागास्कर आणि आफ्रिका एकमेकांना जोडलेले होते. त्यातील भारताचा तुकडा मादागास्करपासून सुटला त्याला आठ कोटींहून अधिक वर्षे झाली. कंदीलपुष्पांच्या जातींची मोठी वाढ मात्र गेल्या सुमारे पन्नास लाख वर्षांतली आणि त्यातही बरीचशी शेवटच्या तीस लाख वर्षांतली असल्याचे जनुकीय कालमापन सांगते. भूखंडांच्या घड्याळात हा काल-परवाचा काळ म्हणायचा. ज्या वेळी भारत आफ्रिकेला जोडलेला होता, त्या वेळी कंदीलपुष्पच काय, त्याचे आजचे नातलगही नव्हते.

पुरावा बेटांवरही आहे. कॅनरी बेटे ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेली आहेत आणि ती कोणत्याही खंडाला कधीही जोडलेली नव्हती. तरीही तेथे कंदीलपुष्पाच्या स्वतःच्या जाती आहेत, जाड काठ्यांसारख्या, जवळजवळ बिनपानांच्या. तेथे पोचायला समुद्र ओलांडण्यावाचून मार्ग नव्हता, आणि समुद्र ओलांडण्याचे साधन बीजाच्या टोकाला बांधलेले होतेच. वाऱ्यावर स्वार झालेल्या म्हाताऱ्यांनीच हा पल्ला गाठला असणार.

भारताच्या बाबतीत मधला जमिनीचा मार्गही होता. पूर्व आफ्रिका, येमेन व ओमानचे डोंगर, बलुचिस्तान-सिंधचा कोरडा पट्टा आणि मग राजस्थान-गुजरात व दख्खन अशी कोरड्या हवामानाची साखळी नकाशावर आजही दिसते, आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक कडीवर या गोतातील कोणी ना कोणी उभे आहे. माकडशिंगाच्या फांदीतील एक नातलग तर उत्तर आफ्रिकेतून दक्षिण स्पेनपर्यंत पोचला आहे.

सह्याद्रीत इतक्या जाती कशा तयार झाल्या?

भारतात पन्नासहून अधिक जाती आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक भारताबाहेर सापडत नाहीत, आणि त्यांचा मोठा वाटा पश्चिम घाटाच्या उत्तर भागात आहे. पाचगणीची पाचगणीएन्सिस, अंजनेरीची अंजनेरिका, हरिश्चंद्रगडावर दिसणारी लॉई, सिंहगडाच्या परिसरातील मॅकॅनी अशी नावे घेत गेले की गडकोटांची यादी वाचल्यासारखे वाटते.

याचे कारण जमिनीच्या रचनेत आहे. बेसॉल्टचे थर झिजून सपाट माथे, उभे कडे आणि मधले गवताळ उतार तयार झाले. एका माथ्यावरची वनस्पती शेजारच्या माथ्यापासून खोल दरीने आणि दाट जंगलाने तुटते. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि नंतर आठ महिने कोरड, अशा ठिकाणी कंद असलेल्या लहान रोपाला जागा मिळते. पावसाळ्यात उगवायचे, फुलायचे, बी उडवायचे आणि दिवाळीनंतर जमिनीखाली निजायचे, असा त्याचा क्रम. हिमयुगांच्या काळात मोसमी पावसाचा जोर कमी-जास्त होत राहिला आणि तसतसे गवताळ उतार पसरले व आक्रसले. अशा तुटक वस्त्यांत थोडे थोडे वेगळेपण साठत गेले असावे. वाऱ्याने उडणारे बी असूनही एकेक जात एकाच डोंगरापुरती का राहते, असे विचारले जाते. बी उडून पोचणे आणि त्याच ठिकाणी ते रुजून, योग्य माशी मिळून, पिढ्यान्‌पिढ्या टिकणे यांत फार अंतर आहे.

पश्चिम घाटातील जातींचा जनुकीय वंशवृक्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिवाजी विद्यापीठाचे डॉ. श्रीरंग यादव आणि हाँगकाँगमधील संशोधक यांचा सहभाग होता. त्याआधी बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुणे केंद्रात एम. वाय. अन्सारी यांनी येथल्या अनेक जातींचे वर्णन केले होते. कोल्हापूरच्या विद्यापीठ-उद्यानात जोपासलेला संग्रह हे या दोन्ही कामांचे पुढचे पाऊल आहे.

कंद खातात हे खरे आहे का?

खरे आहे. सपाट प्रदेशात दूरवर पसरलेल्या बल्बोसा या जातीचे कंद लोक खातात, हे विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवले होते. पिढ्यान्‌पिढ्या हे कंद ओळखणाऱ्या माणसांनी थोडे काढणे आणि बाजारासाठी किंवा हौसेसाठी उतारच्या उतार उकरणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकाच गडावर वाढणाऱ्या जातीचा कंद काढणे म्हणजे तिची पुढची सारी वर्षे काढून नेणे होय. तो कुंडीत सहसा टिकतही नाही.

नर्सरीत मिळणारी हृदयाच्या आकाराच्या पानांची लोंबती वेल हीच का?

होय. ती सेरोपेजिया वुडी, दक्षिण आफ्रिकेतली. ती सहज वाढते, पानांच्या बेचक्यात लहान गाठी धरते आणि त्यांपासूनच नवी वेल होते. घरात कंदीलपुष्प हवे असेल तर हीच लावावी. फुले लहान असली तरी कंदील तोच आहे, आणि मुलांना भिंगातून दाखवायला तो पुरेसा आहे.

अजूनही नव्या जाती सापडतात का?

सापडतात, आणि आपल्या अगदी जवळ सापडतात. कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावरील सेरोपेजिया शिवरायिना ही जात २०२३ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली गेली आणि तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. इतक्या वर्दळीच्या गडावरची वनस्पती आजवर नजरेतून सुटली याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. फूल नसताना ही रोपे गवतात गवत होऊन राहतात, आणि फुलण्याचे दिवस मोजके असतात.

नवीन जात वाटणारे रोप दिसल्यास ते उपटू नये. पूर्ण रोपाचे, पानांच्या जोडीचे, फुलाचे बाजूने आणि वरून, तसेच शक्य असल्यास शेंगेचे छायाचित्र घ्यावे, तारीख व उंची लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावे. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, गडाचे किंवा तालुक्याचे नाव पुरे. छायाचित्रासाठी भोवतीचे गवत तुडवले गेल्याने रोपे मोडलेली मी स्वतः पाहिली आहेत. पुढच्या वर्षी त्या जागी कारवीच्या दोन काटक्या आणि कोरडी माती एवढेच उरले होते.